मॅग्नेटोचं झाकण

“मार परत,” मामा म्हणाले.

मी किक मारली. प्लग काढून बाहेर ठेवलेला, त्यामुळे इंजिनातून नुसतीच फुस्सकन हवा आली. मामा सिलिंडरवर आडव्या टेकवलेल्या प्लगभोवती दोन्ही हातांचा आडोसा करून, मान वाकडी करून बघत होते.

“दिसली का ठिणगी?”

“न्हाई.”

“नीट बघितलंत?”

“आता डोळं काढून ठेवू का तिथं?”

मामा म्हणजे माझे सासरे, केरबा हावळ. मासरणी गावचे एकुलते एक शिंपी. गावातल्या प्रत्येक माणसाच्या कमरेचं माप त्यांना तोंडपाठ होतं आणि प्रत्येक कमरेबद्दल त्यांचं काही ना काही मत होतं. शिलाई मशीनपेक्षा त्यांचं तोंड जास्त चालतं असं गिऱ्हाइकं म्हणायची. त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून शब्द ओढून काढावा लागत होता. मी ते धुक्यावर ढकललं.

भाद्रपदात आमच्याकडे पाऊस थकतो आणि धुकं खाली उतरतं. दोन दोन दिवस हलत नाही. समोरच्या गोठ्यातली म्हैस दिसायची नाही, तिच्या गळ्यातली घंटा तेवढी ऐकू यायची. रस्त्यानं कुणी बोलत गेलं तर बोलणं आधी यायचं, माणूस मागून यायचं, कधी कधी माणूस यायचंच नाही. मला हे धुकं आवडायचं. माझा नवरा दिगू असताना आवडायचं आणि तो गेल्यावर जास्तच आवडायला लागलं, कारण धुक्यात कोण घरी आहे आणि कोण नाही हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पडवीत उभं राहिलं की वाटायचं, आता कुंपणापाशी फटफट ऐकू येईल. मी तशी कितीतरी वेळ उभी राहायची. मामा बघायचे आणि परत मशीनकडे वळायचे.

ही फटफटी दिगूची. लढाईच्या काळातली, लष्करानं मोडीत काढलेली, पुढं दोन-तीन फौजींच्या घरून फिरत आलेली. दिगू साखर कारखान्यात फिटर होता. त्यानं एकेक भाग घासूनपुसून तिला उभं केलं होतं. तिला बॅटरी नव्हती. किक मारली की आतला मॅग्नेटो फिरायचा आणि तोच वीज तयार करायचा. “हिला कुणाची उसनवारी लागत नाही,” असं दिगू म्हणायचा. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यानं मला माळावर नेऊन ती चालवायला शिकवली. शिंप्याची सून नऊवारीचा नाही पण पाचवारीचा काचा मारून फटफटीवर बसली म्हणून गावानं तोंडात बोटं घातली. मामांनी काय करावं? त्यांनी मला गुपचूप एक विजार शिवून दिली. म्हणाले, “साडीच्या आतनं घाल. चाकात पदर गेला तर नवं लुगडं मलाच आणावं लागंल.”

दिगूला जाऊन वर्ष होत आलं होतं. एका पहाटे गाडी सुरू झाली नाही म्हणून तो रस्त्यानं चाललेल्या गुळाच्या ट्रकवर चढला आणि ट्रक घाटात दरीत गेला. तेव्हापासून गाडी पडवीत पोत्याखाली उभी होती.

आणि आता मला ती चालू करायची होती. आजच. मी लग्नाआधी नर्सचं शिक्षण घेतलं होतं, ते इतक्या दिवसांनी कामाला आलं होतं. वर धनगरमाळाच्या उपकेंद्रात माझी नेमणूक झाली होती आणि उद्या सकाळी हजर व्हायचं होतं. तिथं राहायला खोली नाही, एसटी तिथवर जात नाही, चढाची लांब वाट. गाडी असली तर नोकरी, नोकरी असली तर हे घर. नाहीतर माझा भाऊ वसंतदादा आज दुपारच्या एसटीनं मला न्यायला येणार होता. इचलकरंजीला त्याचं घर, त्याची चार पोरं, आणि त्यानं बघून ठेवलेला एक बिजवर. दादा मनानं वाईट नव्हता. पण मला जायचं नव्हतं. मला इथंच राहायचं होतं, जिथं दिगूची चप्पल अजून मोरीपाशी होती.

“पेट्रोल शिळं झालं असंल,” मामा म्हणाले.

“पेट्रोलचा आणि ठिणगीचा काय संबंध, मामा?”

“मला काय कळतंय त्यातलं.”

दिगूनं मला एक रीत शिकवली होती. ठिणगी मेली की शेवटाकडून मागं यायचं. आधी प्लग, मग प्लगची वायर, मग ती वायर मॅग्नेटोत शिरते ती जागा, आणि सगळ्यात शेवटी पॉइंट. पॉइंट म्हणजे मॅग्नेटोच्या टोकाला एका गोल झाकणाखाली बसलेले दोन छोटे धातूचे मणी. ते एकमेकांना टेकतात आणि सुटतात, टेकतात आणि सुटतात, आणि सुटताना वीज उडी मारते. “उगाच मधेच उडी मारायची नाही,” दिगू म्हणायचा, “माणूस उतावळा असला की चांगला भागच बिघडवून ठेवतो.”

म्हणून मी शेवटापासून निघाले. प्लग काजळीनं काळा झाला होता. तो घासला, चुलीवर तापवला, परत लावून बघितला. काही नाही. दिगूच्या डब्यात एक कोरा प्लग होता, तो लावला.

“मारू?”

“न्हाई,” मामा म्हणाले.

“अहो, अजून मारली नाही मी.”

ते दचकले. “मार, मार,” म्हणाले आणि परत हातांचा आडोसा केला. मी किक मारली. त्यांनी नुसती मान हलवली.

मला हसू आलं. म्हटलं म्हातारा पेंगुळलाय. त्या दिवशी सगळंच पेंगुळल्यासारखं होतं. धुकं पडवीच्या आत शिरलं होतं, गाडीचं पुढचं चाक मला नीट दिसत नव्हतं. मध्येच मला वाटायचं की दिगू पलीकडे बसलाय, पाना मागतोय, आणि मी हात पुढं केला की तो घेईल. एकदा मी खरंच पाना पुढं केला. तो मामांनी घेतला आणि हातात धरून बसले.

वायर बघितली. दोन्ही टोकं सोलून पुन्हा बसवली. वायर मॅग्नेटोत जिथं शिरते तिथला कोळशाचा छोटा तुकडा काढून पुसला. प्रत्येक वेळी किक, प्रत्येक वेळी मामांची मान. मी जसजशी मागं मागं सरकत होते तसतसे मामा अस्वस्थ व्हायला लागले. एकदा उठून म्हशीला वैरण टाकून आले, जी त्यांनी आधीच टाकली होती. मग म्हणाले, “चा करू का?”

“आताच घेतला की.”

“मग ऱ्हाऊ दे आता हे. वसंता येईल. दोन घास करून ठेव त्येच्यासाठी.”

“तुम्हाला मी जायला हवीय का?” मी विचारलं. जरा तोडूनच विचारलं.

मामांनी माझ्याकडे बघितलं. “तसं न्हाई गं पोरी,” एवढंच म्हणाले.

एसटीचा घरघराट धुक्यातून आला, मग दिवे, मग वसंतदादा. एसटी वर शेवटच्या गावाला जाऊन तशीच माघारी येते, तेवढाच आमच्या हातात वेळ असतो.

“हे काय, तू अजून तयार नाहीस?” दादा म्हणाला. मग माझे काळे हात बघून त्यानं कपाळावर हात मारला. “शालन, अगं बाई माणसानं...”

“चहा चुलीवर आहे. स्वतः ओतून घे.”

“एसटी माघारी येईल तोवर ही सुरू झाली तर झाली. नाहीतर मुकाट्यानं चलायचं. ठरलंय आपलं.”

“ठरलंय.”

तो आत गेला. माझं सामान भरायला लागल्याचा आवाज यायला लागला.

आता राहिलं होतं ते गोल झाकण. त्याला स्क्रू नव्हता, एक पोलादी पट्टी बाजूला सरकवली की ते हातात यायचं. मी पट्टीला बोट लावलं.

“शालन,” मामा म्हणाले.

“काय?”

“काय न्हाई.”

मी झाकण काढलं. उजेड नव्हता म्हणून चेहरा अगदी जवळ नेला. दोन मण्यांच्या मध्ये काहीतरी होतं. नखानं ओढलं तर ते अलगद बाहेर आलं. नखाएवढा कापडाचा तुकडा. कापड म्हणजे बकरम, शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात ते ताठ कापड. मणी एकमेकांना टेकूच नयेत म्हणून कुणीतरी नेमका मध्ये बसवलेला.

मी तो तळहातावर घेतला. त्याच्या चारी कडा दातेरी होत्या, बारीक बारीक दात, एकसारखे. तशी कात्री सगळ्या पंचक्रोशीत एकाच माणसाकडे होती. कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून ते प्रत्येक कड त्याच कात्रीनं कापायचे, मग तो पाटलाचा कोट असो नाहीतर बाहुलीचं झबलं. हाताला वळणच तसं पडलं होतं. इंजिनात लपवायचा तुकडासुद्धा त्यांनी तसाच कापला होता.

मी मामांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. पाना अजून त्यांच्या हातात होता.

“हे कधी घातलंत?”

त्यांनी पाना या हातातून त्या हातात घेतला.

“मामा, आत्ता घातलंत का? मी नोकरीवर जाऊ नये म्हणून? की दादाबरोबर जावं म्हणून?”

“आत्ता न्हाई,” मामा म्हणाले. “त्या दिवशी.”

मला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण मनाला घ्यायला वेळ लागला.

“त्येच्या अंगात कसकस हुती,” मामा म्हणाले. “आदल्या दिसापासनं. म्हटलं जाऊ नगं. ऐकतोय व्हय? धुकं तर असं, की आपला हात आपल्याला दिसंना. पाटलांचा सुभेदार एकदा दुकानात सांगत हुता, पलटणीत गाडी कुणी पळवू नये म्हणून ह्या मण्यांत कागुद घालायचे. माझ्या डोक्यात ऱ्हायलं हुतं ते. पहाटं उठलो आन् घातला. म्हटलं, गाडी सुरू झाली न्हाई की येईल आत. चा पेल, पांघरूण घेऊन झोपंल. दुपारी मीच काढीन. कुणाला कळायचं न्हाई.”

“आणि ट्रक आला.”

“व्हय. ट्रक आला.”

ती पहाट मला आठवली. आठवायला काही नव्हतंच, मी ती रोजच बघत होते. मी डबा घेऊन दारात उभी. दिगू किकवर किक मारतोय. त्यानं प्लग बदलला. हसला, म्हणाला, “आज बाईसाहेबांचं काहीतरी बिनसलंय.” उशीर झाला होता. घड्याळाकडे बघितलं नसतं आणि हे झाकण एकदा उघडलं असतं तर त्याला लगेच सापडलं असतं. पण रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला, ओळखीचा ड्रायव्हर, दिगूनं माझ्या हातातला डबा ओढला आणि धुक्यात पळाला. आणि मामा? मामा रोज त्याच्यामागं ओरडायचे, सावकास जा रं. त्या दिवशी ते मशीनपाशी नुसते उभे होते. ते का ओरडले नाहीत हे मी वर्षभरात कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

“ओरडावं वाटलं,” मामा म्हणाले, जसं काही मी मोठ्यानं बोलले होते. “थांब, मीच घातलंय म्हणून सांगावं वाटलं. पर लाज वाटली गं. हसला असता मला. तुझ्यासमोर हसला असता. त्या लाजंपायी ग्येला त्यो.”

मला राग आला. असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. वर्षभर मी त्या ट्रकवाल्याला शिव्या दिल्या होत्या. धुक्याला दिल्या. स्वतःला दिल्या, की डबा थोडा उशिरा भरला असता तर ट्रक चुकला असता. आणि हे माझ्यासमोर ताट घेऊन बसत होते, मी वाढत होते, ते जेवत होते.

“मग वर्षभर काढला का नाहीत?” माझा आवाज चढला. “एक झाकण तर उघडायचं होतं. मला काही कळलं नसतं.”

“दोनदा उघडलं. हात जाईना.” मामांनी पाना खाली ठेवला. “आन् गुपचूप काढला असता तर पचलं असतं मला. ते मला पचवायचं नव्हतं.”

“आणि आज मला सापडलाच नसता तर?”

“तर तू ग्येली असतीस. आन् मी हिच्यासंगं बसलो असतो.” त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं. “तसंच बसायचं हुतं मला. पर तू एकेक करून मागं यायला लागलीस, तवा मला भ्या बी वाटाय लागलं, आन् लवकर सापडू दे असं बी वाटाय लागलं. दोन्ही एकदम.”

मग ते रडायला लागले. दिगूच्या तिसऱ्यालाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता असं कुणी म्हणेल. मी ठेवला नाही. माझा हात उचललाच गेला नाही. मी पदराचं टोक पेट्रोलमध्ये बुडवलं आणि ते दोन मणी पुसायला लागले, कारण हातांना दुसरं काही करता येत नव्हतं. पुसले, मध्ये कागद फिरवून कोरडे केले, झाकण बसवलं, पट्टी सरकवली.

“बघा,” मी म्हटलं.

मामा सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत पुढं झाले. हातांचा आडोसा केला. मी किक मारली.

ते प्लगच्या आणखी जवळ वाकले. मी परत मारली.

“हाय,” मामा म्हणाले. “हाय गं. निळी हाय.”

मी वाकून बघितलं. त्यांच्या सुरकुतलेल्या बोटांच्या आत, धुक्यातल्या त्या अर्धवट उजेडात, प्लगच्या टोकावर एक बारीक निळी रेघ उडत होती. मी पायानं किक मारत राहिले आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. किती वेळ, कोण जाणे. मला वाटलं, ही वीज वर्षभर इथंच, या झाकणाशी येऊन अडून बसली होती आणि आम्ही तिच्याजवळून भांडी, कपडे, वैरण घेऊन ये-जा करत होतो.

प्लग परत बसवला, कार्ब्युरेटरला जरा पेट्रोल पाजलं, आणि पुढच्या दोन-तीन किकांतच गाडी बोलायला लागली. पडवी धुरानं भरली. म्हैस दावं तोडायला लागली. वसंतदादा माझी ट्रंक घेऊन बाहेर धावत आला आणि अंगणात तसाच थबकला.

“झाली?” तो ओरडला.

“झाली.”

“मग हे का रडतायत?”

“डोळ्यात पेट्रोल गेलंय,” मी म्हटलं.

दादानं ट्रंक खाली ठेवली. त्याला काय वाटलं कोण जाणे, पण त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. एसटी माघारी आली. आधी घरघर, मग दिवे, मग कंडक्टरची घंटी.

“शालन, अजून विचार कर,” दादा म्हणाला. “म्हाताऱ्या माणसाबरोबर एकटी, या रानात... कशासाठी राहायचं?”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही ते माहीत नव्हतं. मघापर्यंत मी दिगूसाठी राहणार होते. आता दिगू कधी नव्हे इतका गेलेला होता, आणि या घरात तो धुक्यातून येईल असं मला पुन्हा वाटणार नव्हतं. दादा एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून वाट बघत होता. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. मी मान हलवली. नाही. दादानं हात वर केला, आत चढला, आणि एसटी धुक्यात मिसळून गेली.

मी गाडी बंद केली. एकदम फार शांत झालं.

मामा पडवीच्या खांबाला धरून उभे होते. दाढीवर धुक्याचे थेंब जमले होते. त्यांच्या डोळ्यांत एक भीती होती, एखाद्याला शिक्षा होणारच आहे पण ती कुणी सांगत नाही तशी.

“तू मला काय बोलणार न्हाईस?” त्यांनी विचारलं.

“बोलणार तर,” मी म्हटलं. “खूप बोलणार आहे. पण ते एका दिवसात बोलून व्हायचं नाही, मामा. म्हणून राहतेय.”

मामांनी ते ऐकलं. हळूहळू मान हलवली. मग अंगणात उतरले, वाकून माझी ट्रंक दोन्ही हातांनी उचलली आणि आत नेऊन ठेवली.